आठ नाथांची सोजरबाई

माझ्या स्वभावाला आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी 'चिकित्सक' म्हणत. हडपसरात लोकांनी तोच शब्द सोपा करून 'खवट' केला. दोन्ही खरं आहे. दूधवाला माप ओतत असला की मी मापाकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. कोणी विनाकारण गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. आणि कोणी देवापुढे डोळे मिटून उभं राहिलं की त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललं असेल, हा प्रश्न मला हटकून पडतो. वडील गणिताचे मास्तर होते. घरात देव्हारा होता, पण तो आईपुरता.

तेव्हा सोजरबाईच्या भक्तीवर मी संशय घेतला यात नवल काही नाही. पुढे पुढे तर अख्खं गाव तिच्यावर संशय घेऊ लागलं, मी फक्त पहिली होते.

एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी माझी बदली हडपसरच्या शाळेत झाली. पेठेतून रोज बसने यायचं म्हणजे निम्मा जीव बसमध्येच जायचा, म्हणून मी गावातच एक खोली घेतली. हडपसर तेव्हा गावच होतं. रस्त्याच्या कडेला दोन-चार कारखाने झाले होते, पण भोंगा वाजून गेला की पुन्हा मोटेचं कुरकुरणं ऐकू यायचं, आणि भाजीचे मळे संपले की मांजरीपर्यंत नुसता ऊस. घरमालक सर्जेराव मला खोली दाखवताना म्हणाले, "मास्तरीनबाई, देवाचं घर हाय. अंडंबिंडं चालनार न्हाई." सदाशिव पेठेतल्या बाईला हे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

घरात माणसं मोजकी. सर्जेरावांची आई मुक्ताबाई, बायको सरुबाई, आणि धाकट्या भावाची बायको सोजर. धाकटा भाऊ पलटणीत होता. सोजर वाघोलीची. लग्नाला वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात नवरा एकदाच रजेवर येऊन गेला होता. उंच, हाडापेराने दणकट, चालायला लागली की पदर मागे राहायचा आणि ही पुढे. बोलणं कमी, पण हसली की गोठ्यातली गाय मान वळवायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली आणि म्हणूनच मी तिच्याबद्दल सावध राहिले.

घराच्या मागे, मळ्याच्या वाटेवर नाथांचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे दगडी चौथरा, वर पत्रा आणि पुढे कायम पेटती ठेवलेली धुनी. त्या धुनीत रोज तिन्हीसांजेला गोवरी घालण्याचा मान या घराकडे होता. सरुबाईला धुरानं दम लागायचा, तेव्हा ते काम सोजरकडे आलेलं. ती गोवरी घालायची, मग धुपाची एकेक चिमूट निखाऱ्यावर टाकत नऊ नाथांची नावं घ्यायची. "गोरक्षनाथ म्हाराज... जालिंदरनाथ म्हाराज..." आवाज असा खणखणीत, की मी खोलीत वह्या तपासताना मला ऐकू यायचा.

मास्तरांची मुलगी मी, मोजायची खोड जाते कुठे? नावं आठच भरायची. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन उभी राहिले. चिमटी नऊ, नावं आठ. पहिली चिमूट ती मुक्यानंच टाकायची.

"नववा कुठे गेला गं?" मी विचारलं. "रुसलाय का?"

सोजरनं पदर तोंडाला लावला आणि धावत घरात गेली. सरुबाई हसून हसून भिंतीला टेकली. "आवं बाई, कशी घेईल ती नाव? पैले नाथ कोन? मच्छिंद्रनाथ! आन् आमच्या धाकल्याचं नाव काय?"

धाकट्याचं नाव मच्छिंद्र. मुक्ताबाईंना नवसानं झालेला, म्हणून नाथाचं नाव ठेवलेलं. आता त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. आमच्या शाळेच्या शिपायाचं नाव हरी, तर त्याची बायको वाण्याकडे कधी हरभरा मागायची नाही, "घोड्याचा दाना द्या" म्हणायची. पण हरभऱ्याचं ठीक आहे. हिनं नवऱ्यासाठी प्रत्यक्ष देवाचंच नाव गिळलं होतं, आणि तेही त्याच देवापुढे उभं राहून. गावातल्या बाया तिला कौतुकानं 'आठ नाथांची सोजर' म्हणायच्या. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. एका दगडात देव आणि सासू, दोघंही खूश.

मग लढाई लागली. आम्ही शाळेच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले, भोंगा झाला की मुलांना बाकाखाली बसवलं. लढाई संपली, गावात पेढे वाटले गेले, आणि मागोमाग तार आली. सर्जेरावांनी ती माझ्या हातात दिली. मच्छिंद्र बेपत्ता होता.

"म्हंजी काय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"म्हणजे... सापडत नाहीये."

"मंग शोधा की," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस ती उठली नाही. भाकरी नाही, पेज नाही. सर्जेरावांनी वैद्य आणला, मी पेठेतून ग्लुकोज आणलं, पण काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी तिनं सर्जेरावांना सांगितलं, मला धुनीपाशी न्या. त्यांनी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. सोजर नेहमीसारखी आली. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. तिनं गोवरी घातली, पहिली चिमूट टाकली, आणि ओठ मिटलेलेच ठेवले. मग, "गोरक्षनाथ म्हाराज..."

"न्हाई घेतलं!" मुक्ताबाई म्हणाल्या. "नाव घेतलं न्हाई हिनं. हाय माजं पोरगं!"

म्हातारीचा हिशेब सरळ होता. नवरा असेपर्यंत बाई नाव घेत नाही. गेला की घ्यायला हरकत नाही, कारण ज्याचं आयुष्य संपलं त्याचं आणखी कमी काय होणार? सोजर त्याची बायको, तिला आतून कळेलच. ज्या अर्थी ती गप्प आहे, त्या अर्थी तो आहे. त्या संध्याकाळी मुक्ताबाई भाकरी जेवल्या. माझ्या वडिलांनी असली सिद्धता वहीत पाहिली असती तर तांबड्या शाईनं पान भरून टाकलं असतं. मी काही बोलले नाही, कारण म्हातारी जेवत होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुक्ताबाई धुनीपाशी येऊन बसत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, दिसायचं कमी. त्या कान देऊन असत. सोजरची पहिली चिमूट पडेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला मला दिसायचा.

शिमग्याच्या सुमारास सोनबा आला. मच्छिंद्रच्याच पलटणीतला, फुरसुंगीकडचा. एक पाय गुडघ्याखाली गेलेला, काखेत कुबडी. मुक्ताबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "माजा मच्छिंद्र कुटं रं?" तो म्हणाला, "आमची तुकडी येगळी व्हती, आत्ती. मला काय ठावं न्हाई." मी दारातून बघत होते. त्यानं पुढ्यातला चहा घेतला नव्हता, आणि ज्या म्हातारीला नीट दिसत नव्हतं, तिच्याकडेही तो बघू शकत नव्हता. खोटं बोलणारं पोर फळ्याकडे कसं बघतं, हे मी रोज पाहत असे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला देवळामागच्या विहिरीपाशी दोघं दिसली. सोनबा कुबडीवर वाकून हळू आवाजात बोलत होता आणि सोजर निंबाच्या खोडाला धरून उभी होती. मला पाहून दोघंही गप्प झाली. त्या संध्याकाळी तिनं धुपाची पहिली चिमूट टाकली ती चांगली मूठभर. मुक्यानंच. धूर इतका झाला की जमलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरुबाई खोकत खोकत म्हणाली, "सोजर, देवाला गुदमरवतीस का काय?"

मी मनाशी नोंद केली. पुढे सोनबानं गाडीतळावर सायकलींचं दुकान टाकलं आणि सोजर अधूनमधून फडक्यात भाकरी बांधून तिकडे जाऊ लागली, तेव्हा माझ्या मनातल्या पालीला उसंत राहिली नाही. गावातही कुजबुज सुरू झाली. नवरा बेपत्ता, कपाळी ठळक कुंकू, आणि वाट गाडीतळाची. बायांनी 'आठ नाथांची' म्हणताना डोळे मिचकावायला सुरुवात केली. कौतुक कुठे संपलं आणि टोमणा कुठे सुरू झाला, ते कळलंही नाही.

त्याच वर्षी पावसानं दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. विहिरीनं तळ दाखवला, सर्जेरावांचा ऊस उभ्याउभ्या वाळला. घरातल्या बैलांना चारा आणायचा की माणसांना रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, असा प्रश्न पडायचा. सोजर सोलापूर रस्त्यावर दुष्काळी कामाला जाऊ लागली, खडी फोडायला. एका रविवारी मी मुद्दाम तिकडे गेले. बाया रांगेनं बसल्या होत्या, डोक्यावर फडकी, भुवयांवर पांढरी धूळ. सोजरचा हातोडा एका लयीत पडत होता आणि ओठ हलत होते. एक घाव मुका, आणि मग, गोरक्षनाथ, जालिंदरनाथ, कानिफनाथ.

"यानं खडी लवकर फुटते का?" मी विचारलं.

"खडी तेवढीच फुटतीया, बाई. मी फुटत न्हाई." ती हसली. तळहातावरचे फोड तिनं चिंध्यांनी बांधले होते. "नाथांनी बारा बारा वर्सं वारं खाऊन तप क्येलं म्हनं. मला तर सांच्याला भाकर मिळतीया."

हे उत्तर मला आवडलं. पण आवडलं म्हणून खरं, असं मी कधी मानलं नाही.

वर्षअखेरीला बातमी आली की पाकिस्तानातले आपले कैदी सुटून येणार. घरात नुसती धांदल. सर्जेराव सकाळीच गाडीतळावर जाऊन वर्तमानपत्र आणायचे आणि मला वाचायला बसवायचे. मुक्ताबाईंनी पुरणासाठी डाळ बाजूला काढून ठेवली, दुष्काळात, मुठीमुठीनं वाचवलेली. सरुबाईनं भिंती सारवल्या. आणि ज्या बाईचा नवरा यायचा ती ओसरीवर बसून शांतपणे मिलोतले खडे निवडत होती. एकदाही रस्त्याकडे मान नाही. कैदी आले, गावोगाव मिरवणुका निघाल्या, मच्छिंद्र आला नाही. मुक्ताबाई त्या संध्याकाळी धुनीपाशी कानात प्राण आणून बसल्या. पहिली चिमूट मुकी पडली. "आजून हाय," म्हातारी म्हणाली. "कुटं तरी आडकला आसंल."

माझी खात्री झाली. या बाईला काहीतरी माहीत आहे, आणि ते ती आमच्यापासून लपवते आहे.

उन्हाळ्यात मी सायकल घेऊन सोनबाच्या दुकानात गेले. चाकातली हवा मीच सोडली होती. तो पंप मारू लागला तसं मी सरळ विचारलं, "सोजर तुमच्याकडे कशाला येते?"

त्यानं पंप थांबवला. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमच्या बी मनात त्येच?"

"माझ्या मनात काय आहे ते सोडा. मच्छिंद्रचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही म्हातारीशी खोटं बोललात."

त्यानं पंप भिंतीला टेकवला. मग त्यानं सांगितलं. नदी ओलांडताना मच्छिंद्र त्याच्या हाताच्या अंतरावर होता. गोळी लागली, तो पाण्यात गेला, पाण्याला ओढ होती. पुढच्याच घटकेला सोनबाचा पाय गेला. त्यानं दवाखान्यात साहेबांना सांगितलंही, पण देह मिळाला नाही, म्हणून कागदावर बेपत्ता ते बेपत्ताच. "वैनीला शिमग्यातच सांगितलं म्या. त्यांनी माज्या ह्या एका पायावर डोकं ठिवलं. म्हनल्या, आत्तीच्या कानावर घालू नका, त्या जायच्या."

"मग आता कशाला येते?"

"त्याच्या गोष्टी ऐकाया. पलटनीत काय खायचा, कुनाच्या नकला करायचा. मेल्याल्या मानसाची आठवन कुनापाशी काढायची त्यांनी? सगळ्यांच्या लेखी त्यो आजून हाय."

मी सायकल हातात धरूनच घरी आले. हवा भरायची राहूनच गेली होती.

सोजर परड्यात गोवऱ्या थापत होती. मी आडपडदा ठेवला नाही. "सोनबानं मला सगळं सांगितलं. देवापुढे रोज खोटं वागायला तुला काही वाटत नाही?"

तिचा हात थांबला नाही. "खोटं कवा बोलले, बाई? गप ऱ्हाते."

"ते एकच झालं."

"तुमच्यात आसंल एकच." तिनं गोवरी पालथी घातली, त्यावर पाची बोटं उमटली. "आत्ती त्या गप ऱ्हान्यावर जेवत्यात. आन् नाथाला ठावं हाय की. त्यास्नी कोन फसवतंय? रोज चिमूट टाकताना मी मनात सांगते, द्येवा, एवढं वज्जं धर. त्यो धरतो. न्हाईतर मी कवाच विहिरीत गेले असते."

मी घरात गेले, ते पटलं म्हणून नव्हे. माझं दुसरं मन सांगत होतं की कुंकू टिकवायला हे निमित्त बरं आहे. त्या गावात सवाष्णीला ओटीचा मान होता, धुनीचा मान होता, आणि विधवेला मागच्या दारचा कोपरा. अशा वेळी माणूस देवाला पुढे करतो, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. पण कोणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या घासाशी खेळायचं मला धाडस नव्हतं.

गणपती गेले, पितृपंधरवडा आला. सर्जेरावांचं काहीतरी बिनसलं होतं. ते जेवताना ताटावरून उठायचे, सोजरकडे रागानं बघायचे. मी समजले, हा जमिनीचा मामला. भाऊ गेला असं ठरलं की वाटणीचं बघता येईल. कोणाचा हेतू काय असेल हे ओळखण्यात मी स्वतःला तरबेज समजत असे.

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी भावकीतली चार माणसं धुनीपाशी बोलावली. मलाही बोलावलं, शिकलेलं माणूस साक्षीला हवं म्हणून. बाया एका बाजूला बसल्या. मुक्ताबाई चौथऱ्याला टेकून बसल्या होत्या. सर्जेराव उभे राहिले, आणि बोलायच्या आधीच त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"माजा भाऊ सपनात येतोय," ते म्हणाले. "पाटाच्या कडंला उभा ऱ्हातो, वंजळ पुढं करतो. म्या पानी घालतो, आन् ते वंजळीतनं खाली जातंय. गेला आसंल तर त्याला पानी कोन पाजनार? म्या थोरला. सोजर, गाव काय बोलतंय त्ये मी इचारत न्हाई. तू धुनीतली राख उचल आन् नाथाम्होरं सांग. मच्छिंद्र हाय का न्हाई? हाय म्हनलीस, तर पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. न्हाई म्हनलीस, तर उद्या त्याचं पान वाढीन."

जमिनीचं नावही नव्हतं. माझा अंदाज इतका साफ चुकलेला मला क्वचितच आठवतो.

पण पेच खरा होता आणि तो मला आणि तिलाच ठाऊक होता. आजवर ती गप्प राहून निभावत आली होती. आता बोलायला लागणार होतं, आणि तेही हातात धुनीची राख घेऊन. ज्या नाथाच्या जोरावर ती उभी होती, त्याच्यापुढे खोटी शपथ घ्यायची, नाहीतर दोन हातांवर बसलेल्या म्हातारीचा श्वास तोडायचा. वाटलं, उठावं आणि सांगावं, हे थांबवा. पण काय म्हणून थांबवणार होते मी?

सोजर पुढे झाली. वाकून तिनं मूठभर राख उचलली. मुक्ताबाईंनी मान वर केली, कान तिच्याकडे केला. सोजरनं त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग धुनीकडे तोंड करून तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"मच्छिंद्रनाथ हायेत."

पुरुषांच्या बाजूला सुटकेचा श्वास पडला. "हाय म्हनली! राख उचलून म्हनली, झालं आता!" कोणीतरी सर्जेरावांच्या पाठीवर हात ठेवला. मला पहिल्यांदा भयंकर राग आला. घेतली हिनं खोटी शपथ, संपली हिची भक्ती.

मग मी बायांच्या बाजूला पाहिलं. एकही बाई हलत नव्हती. सरुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि तिचे डोळे वाहत होते. आणि मला कळलं. हिनं नाव घेतलं. लग्नापासून जे नाव हिच्या ओठावर आलं नव्हतं, ते हिनं भर दिवसा, सगळ्यांदेखत घेतलं. नाथ कधी मरत नाहीत, समाधीत बसलेले असतात, असं ही माणसं मानतात. तेव्हा शपथ खरी होती, अक्षरन् अक्षर खरी. पुरुषांनी त्यात 'आहे' ऐकलं. नवऱ्याचं नाव न घेता जगलेल्या बायांनी मात्र ती काय सांगते आहे ते बरोबर ऐकलं.

माझी नजर मुक्ताबाईंवर गेली. त्या तशाच कान देऊन बसल्या होत्या, जणू वाक्य अजून पुरं व्हायचं आहे. मग त्यांनी चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि उठायला लागल्या. सर्जेराव आधार द्यायला धावले.

"सर्जेराव, उद्या पान वाढ," त्या म्हणाल्या.

"आगं आये, ती हाय म्हनली की!"

"तिनं नाथाचं सांगितलं. माज्या लेकाचं मी सांगते. पान वाढ. त्याला आळूची भाजी लई आवडायची."

सर्जेराव लहान मुलासारखे खाली बसले. भावकीतले लोक एकमेकांकडे बघत राहिले, आणि कोणी काही विचारायच्या आत बाया उठून त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या. मुक्ताबाई पडतील असं वाटत होतं, तर त्या पडल्या नाहीत. इतके दिवस आम्ही सगळे त्यांचा जीव एका चिमटीवर टांगलेला समजत होतो. सोजरनंही तसंच समजून दुष्काळ काढला होता. म्हातारीनं सोजरचा खांदा चाचपला, त्यावर हात टाकला आणि दोघी मळ्याच्या वाटेनं घराकडे निघाल्या.

मीही मागोमाग निघाले. मला ऐकायचं होतं, ही माझी सवय. अजूनही मला जाणून घ्यायचं होतं की म्हातारी हिला बोल लावते, हाकलून देते, की काय करते. उसाच्या नव्या लावणीत पाणी सोडलेलं होतं. बांधाजवळ मुक्ताबाई थांबल्या.

"कवा कळलं तुला?"

"शिमग्याला."

"ह्या शिमग्याला?"

"न्हाई आत्ती. आदल्या."

म्हातारी हिशेब करत उभी राहिली. तो सारा दुष्काळ, ती खडी, ती पुरणासाठी साठवलेली डाळ. मी वाट बघत होते, आता शिव्या सुरू होतील.

"आन् तवापास्नं एकलीच रडत व्हतीस व्हय गं?" त्या म्हणाल्या.

"रडले कुटं?" सोजर म्हणाली. "तुमी ऐकलं असतं."

मुक्ताबाई तिथंच ओल्या बांधावर बसल्या, सोजरचा हात धरून तिला खाली ओढलं आणि तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. तिच्या मुठीतली राख अजून तशीच होती, ती म्हातारीच्या लुगड्यावर सांडली.

"रड आता," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी हाय हितंच."